जोडाखालचा फुटवा

"बघ, कसं तरारलंय! तुझ्या डिग्रीवाचून काही अडलं का?" अंगणातल्या हापूसच्या कलमाला पाणी घालत हरिहरकाका म्हणाले. त्यांची पुतणी आसावरी चहाचा कप हातात घेऊन कलमाकडे बघत होती.

तिला दिसलं होतं. कलमाच्या जोडाखालून, ज्यावर हापूस बांधला होता त्या रायवळ आंब्याच्या खुंटातून, जाडजूड फुटवा निघाला होता आणि काका त्यालाच जीव लावत होते. तो आत्ताच छाटला नाही तर सगळं पाणी तोच पिणार, वरचा हापूस वाळून जाणार. कात्रीचं क्षणभराचं काम होतं.

पण का म्हणून सांगायचं? शेतकी कॉलेजला प्रवेश मिळाला तेव्हा याच माणसाने डोंबिवलीतल्या याच घरात, ऐन गणपतीत, पोरगी आता शेणाच्या पाट्या उचलणार म्हणून चारचौघांत तिचं हसं केलं होतं. पाठीशी उभे राहिले ते एकटे बाबा. शिकून ती आंबिवलीच्या रोपवाटिकेत नोकरीला लागली, तिथे बांधलेलं पहिलं कलम बाबांनी हौसेने या अंगणात लावलं. वर्षाच्या आत बाबा गेले. तेराव्याला काका सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरीच्या या खुळापायी झिजला तो." ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं होतं. भोगा म्हणावं आता! चहा पिऊन ती निघून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात काकांचाच फोन आला. वरचं वाळतंय गं, एकदा येऊन बघतेस का, म्हणून अगदी अजिजीने विचारलं. याच फोनची तर ती वाट बघत होती.

"खालचा फुटवा तेव्हाच काढायला हवा होता," कलमापाशी उभी राहून ती म्हणाली. "मी बघितलेला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला माझ्या डिग्रीची गरज नव्हती ना."

काकांचा चेहरा पडला. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. काका अंगणाच्या पायरीवर बसले.

"रोज न चुकता पाणी घालायचो," ते म्हणाले. "दादाची तेवढीच खूण राहिली होती."

आसावरीने वरच्या हापूसची साल नखाने खरवडून पाहिली. आत कुठेच हिरवं नव्हतं. आधाराच्या काठीला बाबांनी आपल्या जुन्या शर्टाची चिंधी बांधली होती. ती तिने सोडवून पर्समध्ये ठेवली आणि मग करवत मागितली.