सळी वाढनी

जॅकचा दांडा आणखी दोन-चार वेळा खालीवर झाला असता, तर रोलर जागचा उचलला गेला असता. पण तेवढ्यात हेमकांतच्या छातीशी, खिशात, फोन थरथरला.

"धर रे भो, धर!" हिंमतराव वरून ओरडले. "फोन काय पळी जाई का? रोलर खाले बसना ते तुन्हा हातना पापड व्हई जाई."

हेमकांतने दांडा धरला, ओढला, पाचर ठोकली. मग हाताचं ग्रीस पँटला पुसत तो मिलच्या मागच्या बाजूला, भुशाच्या ढिगाकडे धावला. गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्यात शांत जागा नसतेच. तिथे एवढंच, की ओरडलं तर ऐकू येतं.

"माय, बोल! चेतनाना फोन ऊना का?"

"ऊना..." कमलबाईंचा आवाज शेजारच्या मिलच्या धडधडीत बुडत होता, वर येत होता. "सळी... वाढनी म्हने."

"काय?"

"सळी वाढनी रे भाऊ. आपली रुपानी सळी वाढनी."

मायचा आवाज भरून आलेला होता. "तू घर ये लवकर," एवढं ती म्हणाली आणि फोन कटला.

हेमकांत भुशाच्या ढिगाला पाठ टेकून उभा राहिला.  वाढली! मागच्या दोन्ही खेपांना जी जागची हलली नव्हती, ती सळी वाढली. त्याने बायकोला, चेतनाला फोन लावला, तर बंद. डॉक्टरांच्या खोलीत बंद ठेवायला लावतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने एकट्यानेच दोन्ही हात जोडले, ते नेमके कुणाला ते त्यालाही कळलं नाही. समोर तर नुसती धुराची चिमणी होती.

त्याची लेक रुपा चार वर्षांची असताना कमलबाई तिला न्हाऊ घालत होत्या. पाण्याचा तांब्या हातातच राहिला. पोरीच्या पाठीवरून ओघळणारं पाणी सरळ खाली येईना. मध्येच ते डावीकडे वळे, पुन्हा उजवीकडे येई. पाठीचा कणा वेलांटीसारखा वळला होता. शहाद्याच्या डॉक्टरांनी नंदुरबारला पाठवलं, नंदुरबारच्यांनी नाशिकला. नाशिकच्या डॉक्टरांनी भिंतीवर पाठीचा काळा फोटो लावला आणि समजावून सांगितलं. पक्क्या सळ्या घालून कणा सरळ करता येतो, पण मग पाठ तेवढीच राहते. पोर वाढेल, हातपाय वाढतील, पाठ मात्र चार वर्षांचीच. म्हणून आता वाढणारी सळी निघाली आहे. बाहेरून पेन्सिलीएवढी, आत पोकळ. पोकळीत बारीक स्क्रू आणि स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक. पोरीला पालथं निजवायचं, पाठीवर यंत्र धरायचं. यंत्रातलं चुंबक फिरलं की आतलं फिरतं, स्क्रूचे आटे सरकतात आणि सळी ज्वारीच्या दाण्याएवढी लांबते. एकदा बसवली की पुन्हा चिरणं नाही, टाके नाहीत.

"म्हणजे साहेब, जॅकच की हा!" हेमकांत म्हणाला होता.

डॉक्टर हसले होते. "जॅकच. फक्त कांदा चिरताना डोळ्यात पाणी येतं तेवढंही रडू नये पोरीने, असा जॅक."

घरी आल्यावर त्याने कारखान्याच्या लेथवर, जेवणाच्या सुट्टीत, पितळेची एक सळी केली. नळीत स्क्रू, स्क्रूवर नळी. फिरवली की लांब होई, उलटी फिरवली की आखूड. ऑपरेशननंतर पाठीच्या जखमा भरेपर्यंत रुपा ती उशाशी घेऊन निजायची.

"पप्पा, मन्ही पाठमा बी अशीच शे का?"

"अशीच. फक्त तुन्ही उलटी फिरत नही. तुन्ही वाढतच जाई."

आणि ती वाढत गेली. दर चार-सहा महिन्यांनी नाशिक. नाशिकहून आलं की फाट्यावर एसटीतून उतरल्या उतरल्या रुपा बापाला खेटून उभी राहायची आणि त्याच्या शर्टाची बटणं मोजायची. तिचं डोकं आधी खालच्या बटणाला लागायचं. मग त्याच्या वरच्या. मग त्याच्याही वरच्या.

"टाच खाले ठेव," हेमकांत दटावायचा. "मापमा चोरी नही चालस."

"मी कथी चोरी करस? तुम्हीनच पोट आत ओढतस!"

कमलबाई ओसरीवर बसून नातीची वेणी घालताना गुणगुणायच्या. ओव्या त्यांच्या ओठांवर आपोआप उगवायच्या:

रुपा मन्ही वाढे जसा पाटवरना ऊस,
पेर पेर मोजे बाप, दिस मागे दिस.

खरंच, उसासारखीच. पण गेल्या वर्षात पेर धरेना. पहिल्या खेपेला यंत्र लावलं, सळी हलली नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. डॉक्टर म्हणाले, अजून एकदा पाहू. नाहीच वाढली तर काढावी लागेल. त्या "अजून एकदा"चा दिवस आज होता. चेतना आदल्या दिवशीच रुपाला घेऊन नाशिकला गेली होती. मिल उघडलेली, रोलर काढायचा, दोन फिटर तापाने पडलेले. जायच्या वेळी हेमकांत फाट्यापर्यंत गेला होता. एसटी सुटताना रुपाने खिडकीतून विचारलं होतं, "पप्पा, आते चौथं बटन ना?" त्याने मान हलवली होती.

तो परत आला तेव्हा हिंमतराव पान्हा घेऊन वाटच पाहत होते. निवृत्तीला एक हंगाम उरलेला, अंगाने पहाड माणूस. रुपाच्या पाठीची सगळी कथा त्यांना पाठ होती.

"काय व्हयनं रे?"

"आबा, सळी वाढनी!"

हिंमतरावांनी पान्हा खाली टाकला. त्या आवाजाने पलीकडे वेल्डिंग करणारा दिलवरसिंग चष्मा वर करून बघायला लागला.

"वाढली?" दिलवरसिंग धडगावकडचा. घरी पावरी बोलायचा, इथे आल्यावर शाळेतली मराठी. "मग तोंड गोड करा, हेमकांतभाऊ. कोरडं नाही चालायचं."

"गोड मंग," हिंमतराव म्हणाले. "पहिले मारुतीले नारय वाढव. चाल."

गेटजवळच्या मारुतीपुढे तिघे उभे राहिले. हेमकांतने नारळ दगडावर आपटला. एकाच घावात त्याची दोन भकलं झाली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"सरळ वाढना," हिंमतराव समाधानाने म्हणाले. "दख, कशी बरोबर भकलं पडनी. मन्हा हातले कधी अशी पडत नहीत."

हेमकांत हसला. एवढा तो गेल्या वर्षभरात हसला नव्हता. पाळी सुटल्यावर त्याने हॉटेलातून पेढे घेतले, निम्मे खात्यात वाटले, निम्मे डब्यात ठेवून मोटारसायकलला लटकवले. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यापासून कळसाडीच्या घरापर्यंत रस्त्यात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. दर बैलजोडीच्या मागे थांबताना तो शर्टाची बटणं चाचपत होता. चौथं. चौथं लागलंच पाहिजे.

ओसरीवर कमलबाई बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती. ज्या बाईने उभ्या जन्मात तिन्हीसांजेला घर अंधारं ठेवलं नाही, तिने दिवा लावला नव्हता.

"माय, अंधारामा काबरं बठनी? हाई ले, तोंड गोड कर."

त्यांनी डब्याकडे बघितलं, मग लेकाकडे. "काय शे हाई?"

"पेढा. बठासले वाटी ऊनू. सळी वाढनी ना!"

कमलबाईंचा हात वर आला तो तोंडावरच थांबला. पेढ्यासाठी तो उचललेला नव्हता.

"तू... पेढा वाटा?"

"हा मंग!"

"अरे मन्हा बापा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "अरे, तशी नही वाढनी रे."

"मंग कशी?"

त्यांनी डावा हात पुढे केला. मनगटावरच्या हिरव्या काचेच्या बांगड्यांवरून उजव्या हाताचं बोट फिरवलं. 

"बांगडी वाढस ना... तशी वाढनी."

हेमकांत उभाच राहिला. लहानपणी अंगणात तिची बांगडी फुटली आणि तो "माय, फुटनी!" म्हणून ओरडला, तेव्हा याच हाताने त्याच्या तोंडावर हलकी चापट मारली होती. भरल्या घरात फुटली म्हणायचं नाही, तुटली म्हणायचं नाही. वाढली म्हणायचं. मंगळसूत्र वाढतं, नारळ वाढतो, रात्री दिवा वाढवतात. आणि त्याला या घरात जन्मून, हे दूध पिऊन, आज ऐकू आलं नाही. धडधड मिलची नव्हती. त्याच्याच आत काहीतरी एवढं मोठ्याने चाललं होतं, की त्याला हवं तेवढंच त्याने ऐकलं.

"माले सरय काबरं नही सांगं, माय?"

"कसं सांगू?" कमलबाई एकदम रडायला लागल्या. "पोरनी पाठ शे ती. पाठनं नाव ली तो शब्द मन्हा तोंडमाईन निंघस का? चेतनानी सांगं तो शब्द. मन्हा कानले चटका बसना. मी कसा बोलू?"

त्याने चेतनाला फोन लावला. या वेळी लागला. मागे एसटीच्या इंजिनाचा आवाज होता.

"धुळं सोडं आम्ही," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, आधीच रडून झालेल्या माणसाचा. "फोटोमा दिसनं. मधमा दोन तुकडा. स्क्रू शे तठेच. डॉक्टर म्हने, कोनी चूक नही, असं व्हस कधीमधी. सोमवारले भरती करानं. पाठ परत उघाडतीन."

"नवी बसाडतीन ना? वाढणारी?"

एसटी कुठल्याशा खड्ड्यातून गेली.

"नही. आते पक्की बसाडतीन. म्हने, पुरं आते. जितली पाठ शे तितली."

"रुपा?"

"खिडकीपा बशेल शे. तिले मी काही सांगं नही. तुम्हीन सांगा."

फोन ठेवल्यावर हेमकांत घरात गेला. कोनाड्यात ती पितळी सळी होती. त्याने ती फिरवली. आटा आट्यावर सरकत शेवटपर्यंत गेला, पुन्हा मागे आला. साध्या हातातली साधी वस्तू, सात वर्षांत काही झालं नव्हतं तिला. कारखान्यात काही तुटलं की तो झाकण उघडतो, बोट घालून बघतो, कुठल्या आट्यापाशी गेलं ते ओळखतो आणि नवं बसवतो. वीस टनांचा रोलर उचलायला त्याला जॅकचा एक दांडा पुरतो. इथे झाकण म्हणजे रुपाची कातडी होती. ते उघडणारे हात दुसऱ्याचे होते, आणि त्या हातांनाही नवं वाढणारं काही बसवता येणार नव्हतं. कुणावर ओरडायचं, तर तशी चूकही कुणाची नव्हती.

फोन वाजला. हिंमतराव.

"काय रे, ऊनी का पोर? बटन कोनतं लागनं ते सांग बरं! दिलवरसिंगनी पैज लावेल शे, चौथं म्हनस तो."

हेमकांतने तोंड उघडलं. शब्द तयार होता, जिभेवर होता. तोही बाहेर निघाला नाही.

"येई ऱ्हायनी, आबा," तो म्हणाला. "सांगस मंग."

फाट्यावर तो आणि कमलबाई बरोबरच गेले. एसटी आली, दार उघडलं. आधी चेतना उतरली, हातात पिशवी आणि फोटोचं मोठं पाकीट. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि लगेच नजर रस्त्यावर नेली. मग रुपा उतरली. पाठीला नवा पट्टा बांधलेला, त्यामुळे ती एखाद्या नवरीसारखी ताठ आणि सावकाश उतरत होती.

"पप्पा!" ती तिथूनच म्हणाली. "माले म्हाईत शे. आजीले मी मम्मीना फोनवरथीन इचारं. आजी म्हने, सळी वाढनी."

कमलबाईंनी पदर तोंडात धरला.

"दखाडा बटन," रुपा म्हणाली.

चेतना काही बोलायला वळली, पण हेमकांतने नको अशी मान हलवली. तो पोरीसमोर जाऊन उभा राहिला. ती त्याला खेटली. एसटी निघाली. वळताना गाडीचा दिवा पडला तेवढ्या उजेडात त्याला दिसलं, रुपाचं डोकं तिसऱ्या बटणालाच टेकलं होतं. मागच्या वेळी होतं तिथेच. त्याच्याही मागच्या वेळी होतं तिथेच.

हेमकांतने गुडघे वाकवले. अगदी थोडे, जॅक उतरवताना दांडा सोडतात तितके हळू. चौथं बटण सरकत सरकत तिच्या केसांपर्यंत आलं.

"चौथं?" रुपाने विचारलं.

"चौथं."

ती त्याच्या शर्टात नाक खुपसून तशीच उभी राहिली. त्याने खाली पाहिलं. त्याचे वाकलेले गुडघे तिच्या मांड्यांना लागत होते, म्हणजे ते तिला कळले असणारच. आणि तिच्या दोन्ही टाचा चपलांपासून वर उचललेल्या होत्या.

या वेळी तो तिला टाच खाली ठेव म्हणाला नाही.