मंगळवेढ्याचं बियाणं

“आजोबा, काळी मिट्टी किधर थी? इथे काळा रंग देऊ?” ईशानीने दक्षिण सुदानच्या नकाशावर रंगीत पेन्सिल रोखली.

निवृत्त सुभेदार संभाजींनी चष्मा पुसला. नातीचा शाळेचा प्रोजेक्ट होता: तिथली हवा, माती आणि शेती. शांतिसेनेतून तिथे दीड वर्ष काढून आलेला माणूस घरात एकच असल्यामुळे सुटका नव्हती.

“खाली नैर्ऋत्येला तांबडी जमीन. पाऊस लांबतो, वर्षाला दोन पिकं निघतात. मधे काळी चिकण. पावसात तळं, उन्हाळ्यात भेगा. म्हणून लोक उंचवट्यावर ज्वारी पेरतात, खाली गुरं चारतात.”

“और आपने उन्हें खेती सिखाई! ते मी सगळ्यात वर लिहिलंय.”

हे कर्तृत्व झाशीच्या मराठी मंडळींपुढे दर गणेशोत्सवात सादर होई. दर वर्षी गोष्टीतली ज्वारी थोडी वाढे. गेल्या वर्षी पुरुषभर झाली होती.

“खोडून टाक ते,” संभाजी म्हणाले.

“क्यों? मॅडम इंप्रेस होतील!”

“अगं, मी मंगळवेढ्याचा. काळी जमीन दिसली की आम्हाला अक्कल फुटते. एका बाईला म्हटलं, उंचवट्यावर कशाला मरतेस? पाऊस संपल्यावर खाली पेर, जमिनीतल्या ओलीवर येते. घरून मागवलेलं बियाणं दिलं. माझ्या भरवशावर तिने उंचवटा पडीक ठेवला.”

“फिर?”

“आपल्याकडे पेरणीनंतर थंडी पडते. तिथे पडलं ऊन, सुटला कोरडा वारा. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. इथे थंडी पडते का, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.”

स्वयंपाकघरातून सून माधवी डोकावली. “पण बाबा, तुम्ही तर दर वर्षी सांगता...”

“सांगतो,” संभाजी म्हणाले.

“ती भांडली असेल ना?” ईशानीने विचारलं.

“दुभाष्याला घेऊन कॅम्पच्या गेटवर आली. मी आतून निरोप धाडला, साहेब कामात आहेत. दुपारभर बसून राहिली. शेवटी गेलो. म्हणाली, तुमच्या गावचं बियाणं मेलं, तुम्हाला वाईट वाटलं असेल. माझं सांत्वन करायला दूध घेऊन आली होती. घरात ज्वारीचा दाणा नव्हता तिच्या.”

“मग तुम्ही काय केलंत?” ईशानीने विचारलं.



“तिच्या दोन मुली समोर उभ्या होत्या,” ते म्हणाले. “मी सगळं दूध प्यालो.”