पायी येणाऱ्यांची मोजणी

किटलीचं बटण टक्कन वर उडालं आणि इतका वेळ श्वास रोखून बसलेलं घर दचकलं. पाळण्यात फिननं मूठ तोंडाशी नेली, दोनदा चोखली आणि तो पुन्हा झोपला. मेरिनचा जीव भांड्यात पडला. सात महिन्यांचं बाळ झोपलेलं असताना चहा करणं म्हणजे चोरीच; फक्त चोराला निदान पळून तरी जाता येतं.

कप घेऊन ती खिडकीशी आली. गल्लीच्या तोंडाशी बार्टन रोड अखंड वाहत होता, आणि त्याच्या पलीकडे, निलगिरीच्या झाडांमधून, एडीच्या शाळेचं हिरवं छप्पर दिसत होतं. सहा वर्षांच्या मुलीनं हुंदडत जावं इतकीच शाळा लांब. पण मध्ये तो रस्ता. त्यावर ना ओलांडायचे पांढरे पट्टे, ना सिग्नल. मेरिनचा नवरा लॅक्लन पंधरा-पंधरा दिवस खाणीवर असायचा आणि घरातली एकुलती एक गाडी तेवढे दिवस ॲडलेडच्या विमानतळावर ऊन खात उभी असायची. म्हणून मेरिन एडीला चालत न्यायची. आख्ख्या गल्लीत चालणारी ती एकटीच.

मागच्या सोमवारी रस्त्याच्या कडेला रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या एका गाडीनं एडीला धक्का दिला. गाडी हळू होती आणि दप्तर जाड होतं, म्हणून गुडघ्यावर निभावलं. गाडीतली बाई खाली उतरली, "दिसलीच नाही गं," म्हणाली, आणि मग मेरिनकडे बघून तिनं विचारलं, "पण तुमची गाडी कुठाय?" जणू धक्का बसला तो गाडी नसल्यामुळे. त्या दिवसापासून रस्ता ओलांडताना एडी आईचा हात दोन्ही हातांनी धरायची. मेरिनला मग बाबागाडी एकाच हातानं ढकलावी लागायची. पण 'एक हात सोड गं' असं म्हणायला तिची जीभ रेटायची नाही.

आज संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. रस्ते सुरक्षित कसे करावेत आणि गाड्यांवाचून कसं जगावं, यावर नगरपरिषदेला लोकांची मतं हवी होती. मेरिनला मतं नको होती. तिला रस्त्यावर पट्टे आणि एक सिग्नल हवा होता.

सभा सहाची. सुरू झाली साडेसहाला, कारण गाड्या लावायला जागा मिळेना. गाडी कमी वापरण्यावर मतं द्यायला आलेली मंडळी मैदानाभोवती घारींसारखी घिरट्या घालत होती. दोन्ही मुलांना घेऊन मेरिन सगळ्यांच्या आधी पोचली. दारात नगरसेवक डॅरिल प्रॉथेरो हसतमुखानं उभे होते. हसणं हाच त्यांचा धंदा.

"काय मेरिन, गाडी बिघडली वाटतं?"

"नाही. चालत आले."

"अरेरे," डॅरिल म्हणाले. "जाताना सांग हं. सोडेल कुणीतरी."

भिंतींवर मोठाले कागद लावले होते. त्यांवर सूचना लिहायच्या आणि ज्याला जी पसंत पडेल तिच्यावर त्यानं रंगीत टिकली चिकटवायची, ही परिषदेची लोकशाही. मेरिननं एकेक कागद वाचला. मुलांना चकचकीत नारिंगी जॅकेटं घाला. दप्तरांना दिवे लावा. मुलांना उजवीकडे-डावीकडे बघायला शिकवा. रस्त्याकडेला खेळू देऊ नका. सगळं मुलांनी करायचं. गाडीनं काही करावं असं एकाही कागदावर नव्हतं. ती बिचारी लोखंडाची, तिला कोण शिकवणार? सगळ्यात जास्त टिकल्या होत्या 'पार्किंग वाढवा' या कागदावर. देवीचे फोड आल्यासारखा तो भरून गेला होता.

पुढच्या रांगेतले ग्रॅहम आजोबा काठी टेकत उभे राहिले. "आमच्या वेळी आम्ही शाळेत चालतच जायचो. काही झालं नाही कुणाला. आजची पोरं नाजूक."

"तुमच्या नातवांना कोण सोडतं आजोबा?" मेरिननं विचारलं.

"मी सोडतो की. गाडीनं." मग तिच्या अज्ञानाची कीव आल्यासारखं ते म्हणाले, "रस्ता किती वाईट झालाय, बघतेस ना?"

ग्रॅहम आजोबा खाली बसले. मागे कुणीतरी टाळी वाजवली. टेबलाखाली एडी दुसरा लॅमिंग्टन केक खात होती आणि तिच्या नाकावर खोबऱ्याचा कीस लागला होता. त्या नाकाकडे बघून मेरिननं तोंडापर्यंत आलेले शब्द गिळले आणि ती नीट, हळू आवाजात बोलली. एडीला बसलेल्या धक्क्याबद्दल सांगितलं. पट्टे आणि सिग्नल मागितले.

डॅरिलनी मान तिरकी करून ऐकलं. "नियम असा आहे मेरिन, की लोक जिथे रस्ता ओलांडतात तिथेच पट्टे देता येतात. आणि तिथून कुणी ओलांडतच नाही."

"पट्टे नाहीत म्हणून ओलांडत नाहीत."

"तेच म्हणतोय मी. मागणीच नाही."

"विहिरीला कठडा हवा की नको, ते आत किती पोरं पडली हे मोजून ठरवणार का तुम्ही?"

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. डॅरिलही हसले. "तुझ्या भावना पोचल्या माझ्यापर्यंत. मलाही दोन मुली आहेत."

"भावना राहू देत. पट्टे द्या."

तेव्हा शॉना उठली. शॉना मेरिनच्या घरापासून तिसऱ्या घरात राहायची, आणि तिचा जेट एडीच्याच वर्गात होता. तिच्या पिकअपची चाकं एडीच्या खांद्यापर्यंत यायची. पण बाई मनाची मोठी, आवाजाची त्याहून मोठी. "डॅरिल, तुम्ही मोजणी लावा. येत्या गुरुवारी सकाळी. आम्ही सगळे चालत येतो. बघू या कशी मागणी नाही ते. काय गं, येणार ना सगळ्या?"

सगळ्या येणार होत्या. काहींनी तर नवे बूट काढायचं ठरवलं. हॉल टाळ्यांनी दणाणला, आणि मेरिननंही वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. त्या पाण्याची पुढे कित्येक दिवस तिला लाज वाटणार होती.

दुसऱ्या दिवशी लॅक्लनचा खाणीवरून फोन आला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मेरिन, त्या बाया कचऱ्याचा डबा फाटकापर्यंत न्यायलाही गाडी काढतील."

"तू नेहमी माणसांना कमी लेखतोस."

"बरं बाई. आपण दुसरी गाडी बघू या का?"

"गुरुवार होऊ दे," ती म्हणाली.

गुरुवार उजाडला तो स्वच्छ आणि गार. एडीनं स्वतःच वेणी घातली, वाकडी, आणि ती सोडवू दिली नाही. बार्टन रोडच्या कडेला परिषदेचा माणूस घडीच्या खुर्चीवर बसला होता. रस्त्यावर आडवी काळी रबरी नळी टाकली होती. तिच्यावरून गेलेली प्रत्येक गाडी मोजली जात होती. माणसं तो स्वतः मोजणार होता.

मेरिन थांबली. आत्ता गल्लीतून बायका-पोरांचा लोंढा येईल, आणि मग सगळे मिळून ओलांडू. एडीनं तिचा हात दोन्ही हातांनी धरला होता. लोंढा आला खरा, पण चाकांवर. शॉनाचा पिकअप सगळ्यांत पुढे. हॉर्न वाजवत, हात हलवत सगळ्याजणी नळीवरून धडाधड पलीकडे गेल्या आणि शाळेच्या बाजूच्या गवतावर त्यांनी एकाला एक लावून गाड्या उभ्या केल्या. मग नवे बूट खाली उतरले, कुत्री उतरली, कॉफीचे पेले उतरले, सगळ्यात शेवटी पोरं. आणि तो सगळा जथा गप्पा मारत, फोटो काढत, शाळेच्या फाटकापर्यंत अगदी दिमाखात चालत गेला. रस्ता एकीनंही ओलांडला नाही.

खुर्चीतल्या माणसानं मेरिनकडे बघितलं. "तुम्ही ओलांडताय का बाई?"

"हो."

"दोघी. बाबागाडीतलं धरत नाहीत." गाड्यांमध्ये जरा फट पडेपर्यंत तो त्यांच्याकडे बघत राहिला. बिचाऱ्याला तेवढंच काम होतं.

फाटकाशी शॉनानं तिला मिठीच मारली. "काय मस्त वाटतं गं चालल्यावर. कळतच नाही, आपण रोज का चालत नाही."

"शॉना, ओलांडायचं होतं. त्या बाजूनं या बाजूला. तेच तर मोजत होते."

शॉनानं गाड्यांच्या रांगेकडे बघितलं, मग रस्त्याकडे. तिचा चेहरा खरोखर भाबडा होता. "म्हणजे गाडी पलीकडे लावून, जेटला घेऊन, चालत हा रस्ता ओलांडायचा? वेडी आहेस का? किती धोका आहे."

काही मूर्खपणा इतका चहूबाजूंनी बंद असतो की त्यात बोट शिरवायलाही फट सापडत नाही.

महिन्याभरात निकाल आला. डॅरिलनी तो शाळेच्या फाटकाशी, सॉसेज भाजायच्या शेगडीमागे उभं राहून, चिमटा हातात धरून सांगितला. मोजणीत दिसून आलं होतं की पायी ओलांडणारं जवळजवळ कुणी नाही आणि गाड्या मात्र अपेक्षेपेक्षा फार जास्त आहेत. तेव्हा शाळेच्या बाजूचं गवत काढून तिथे पक्कं पार्किंग होईल. आणि मुलांच्या सुरक्षेसाठी, रस्त्याच्या मधोमध, लांबच लांब उंच कुंपण. "म्हणजे कुणी ओलांडायलाच नको," डॅरिल म्हणाले आणि त्यांनी सॉसेज उलटला. "सुरक्षा म्हणजे सुरक्षा."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. शॉनानं मेरिनचा दंड दाबला. "जिंकलो गं आपण. तू पहिल्यांदा विषय काढलास म्हणून."

"आणि मी कुठून जायचं?" मेरिननं डॅरिलना विचारलं.

"हमरस्त्याच्या सिग्नलला वळसा घाल ना. थोडं लांब पडेल," ते म्हणाले. मग तिच्या हातात पाव-सॉसेज ठेवत, अगदी आपुलकीनं, "नाहीतर एक छोटीशी गाडी घे. सोयीचं पडेल. सगळ्यांनाच."

"कांदा राहिला," मेरिन म्हणाली.

"हं?"

"यात कांदा घालायचा राहिला. माणसाला एक काम तरी नीट जमावं."

डॅरिल हसले. त्यांना ते लागलंच नाही, आणि मेरिनला त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

कुंपण मात्र झटपट उभं राहिलं. पट्ट्यांना नियम होता, कुंपणाला नव्हता. लॅक्लननं फोनवर पुन्हा गाडीचा विषय काढला आणि पहिल्यांदाच मेरिननं 'नको' म्हटलं नाही. "बघू," म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ फिनच्या तळपायाला गाल लावून बसली. तो पाय अजून एकदाही जमिनीला टेकला नव्हता.

सोमवारी मेरिन आणि एडी वळसा घालून निघाल्या. सिग्नलपर्यंत फूटपाथ अर्धाच होता. पुढे खडी, आणि खडीत बाबागाडीची चाकं रुतायची. शेजारून शाळेकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती, कारण नव्या पार्किंगमध्ये वळायला सगळ्यांनाच घाई होती. रांगेत शॉनाचा पिकअप होता. मायलेकी पिकअपच्या पुढे जायच्या, मग पिकअप त्यांच्या पुढे जायचा, मग पुन्हा त्या पुढे. दर वेळी मागच्या काचेला नाक चिकटवून जेट हात हलवायचा. सीटच्या पट्ट्यांनी बांधलेला, उंच आसनावर बसवलेला, एखाद्या छोट्या राजासारखा, नाहीतर छोट्या कैद्यासारखा.

शॉनानं काच खाली केली. "अगं, ये ना आत. बघवत नाही तुझ्याकडे."

"नको बघूस मग," मेरिन म्हणाली.

काच वर गेली. सिग्नलपाशी पोचेपर्यंत दोघी रांगेच्या कितीतरी पुढे निघून गेल्या होत्या. सिग्नलवर पायी जाणाऱ्यांसाठीचा हिरवा माणूस लागला. मेरिननं हात पुढे केला, पण एडीनं तो धरला नाही. ती मागे वळून, मान वाकडी करून, त्या लांबच लांब रांगेकडे बघत होती.

"आई, जेट आपल्याच गल्लीत राहतो ना?"

"हो गं. चल लवकर."

एडीनं आईचा हात धरला. एकाच हातानं. रस्त्याच्या मध्यावर येईपर्यंत ती विचारात गढली होती.

"मग त्याच्या पायांना काय झालंय?"