घरचं दूध

ताट रिकामं केल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही, हा डेल्माच्या घरचा नियम. तिच्या आईच्या घरचाही तोच होता. ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या थंडीत पहाटे गाईंच्या धारा काढून आलेल्या माणसांनी अन्न टाकावं, हे देवाला कसं आवडेल?

तिचा एकुलता मुलगा रोनन लहानपणापासून घास घोळवत बसायचा. मटणाचा तुकडा छातीत अडला की गप्प व्हायचा, डोळे भरून यायचे. मग डेल्मा दुधाचा पेला पुढे सरकवायची. "पी, उतरेल खाली."

"अरे, गाईचं रवंथसुद्धा तुझ्याआधी संपतं!" नवरा कॉलम हसायचा.

पुढे रोनन वेगळा राहू लागला आणि रविवारच्या जेवणाला येईनासा झाला. कामं आहेत, म्हणायचा. या हिवाळ्यात एकदा घास असा अडकला की लाळही गिळवेना. हॉस्पिटलात दुर्बिणीनं तो काढला, अन्ननलिकेच्या आतले बारीक तुकडे तपासायला पाठवले.

"अ‍ॅलर्जीची सूज आहे, वर्षानुवर्षांची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यानं नळी अरुंद झालीय. औषध देते, आणि दूध बंद करून पाहू. पुष्कळदा त्याचाच त्रास असतो."

"दूध बंद? आमच्या घरात?" कॉलम म्हणाला.

"पण दूध प्यायलं की त्याला बरं वाटायचं हो," डेल्मा म्हणाली.

"घास उतरायचा म्हणून. सूज मागाहून सावकाश वाढते, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. लवकर आला असता तर..." बाईंनी वाक्य सोडून दिलं.

जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या आणि दुधाचं पथ्य सुरू झालं. वसंतात पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा सूज ओसरली होती. नळीचा अरुंदपणा मात्र पुरता गेला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी रोनन जेवायला आला. डेल्मानं मटण लोण्याऐवजी तेलात भाजलं होतं. सवयीनं बाहेर काढलेलं दूध तिनं फ्रिजमध्ये परत ठेवलं. प्रार्थना झाली. रोनननं सावकाश अर्धं ताट संपवलं, काटा खाली ठेवला आणि आईकडे बघत बसून राहिला. चौतिशीचा बाप्या, उठायची परवानगी मागत होता.

कॉलमनं थट्टेसाठी तोंड उघडलं. डेल्मानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, त्यानं ते मिटलं. तिनं रोननचं ताट उचललं.

"ऊठ, राजा. राहिलेलं कुत्र्याला घालते."

"रागावली नाहीस ना, आई?"

"ते तू मला नाही, मी तुला विचारायचं रे," ती म्हणाली, आणि ताट घेऊन मोरीकडे वळली.