कोमट, उकळतं नाही

पारा उणे सातवर गेला की इंग्लंडमधल्या आमच्या हॅलिफॅक्सचे, घरं गरम ठेवणारे निम्मे बॉयलर एकाच सकाळी मान टाकतात. कुणाचं काय बिघडलंय ते मला फोनवरच कळतं. बढाई नाही, तीस वर्षं तेच करतोय. दाबाचा काटा एकच्या खाली उतरलाय? पाणी कमी झालंय, खालच्या तोटीने भरा. ज्योत पेटायचंच नाव घेत नाही? आधी मीटरमध्ये गॅससाठी भरलेले पैसे उरलेत का बघा. निम्म्या वेळा ते संपलेलेच असतात, आणि शिव्या बॉयलर खातो. पोटात गुरगुर होते आणि मग सगळं थंड? मग बॉयलरचं सांडपाणी बाहेर सोडणारी पांढरी नळी गोठलीय. पाणी बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून तो बिचारा स्वतःला बंद करून घेतो.

गुरगुर ऐकली की मला बरंच वाटायचं, कारण त्यासाठी व्हॅन काढावी लागत नाही.

"फोनवर अख्ख्या गावाचे बॉयलर बरे करतोस," माझी बायको मॉरीन म्हणायची, "आणि घरातला नळ ख्रिसमससारखा वर्षातून एकदा बघतोस."

त्या मंगळवारी नऊ वाजेपर्यंत सव्वीस फोन झाले होते. सत्ताविसावा मिसेस क्रॅबट्रींचा. नोरा क्रॅबट्री, वय एक्क्याऐंशी, चढावरच्या गल्लीतलं शेवटून दुसरं घर, एकट्या. दर शरद ऋतूत त्यांचा बॉयलर मीच तपासायचो आणि त्या मला आल्याच्या केकचा एवढा तुकडा द्यायच्या की दुपारचं जेवण राहून जायचं.

"क्लिफ, बाळा, तुझी घाई असेल तर नंतर करते हं फोन."

"बोला, मिसेस क्रॅबट्री. काय झालं?"

"काही विशेष नाही रे. हीटर जरा गार आहेत."

"जरा म्हणजे? कधीपासून?"

"रविवारपासून असतील."

दोन दिवस. आमच्याकडे हे असंच. माणूस बुडत असला तरी म्हणेल, पाणी थोडं जास्तच आहे नाही का.

"आवाज कसला येतो? गुरगुर?"

"माझ्या ह्यांच्या पोटातून यायचा तसाच."

मी हसलो. मग नेहमीचा पाढा म्हटला. मागच्या अंगणात पांढरी नळी दिसेल. किटलीतलं पाणी कोमट करा, उकळतं नाही, नाहीतर नळी तडकेल. वरून खालच्या वळणापर्यंत सावकाश ओता. आत येऊन बॉयलरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. पेटला की नळीला जुना टॉवेल गुंडाळा, म्हणजे पुन्हा गोठायची नाही. त्या एकेक वाक्य परत म्हणत होत्या. लिहून घेत होत्या हे कळत होतं.

"पण तुम्ही स्वतः जाऊ नका हं बाहेर. कुणी आहे का करायला?"

"आहे ना. शेजारचा कॉलिन आहे. त्याला हाक मारते. तू तान्ही बाळं असतील त्या घरांत आधी जा."

"नक्की?"

"मी अगदी मजेत आहे रे."

मी फोन ठेवला. लगेच अठ्ठाविसावा वाजला.

दुपारी दोनच्या सुमाराला एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना मी वाट थोडी वाकडी केली आणि त्यांच्या घरामागच्या गल्लीतून व्हॅन घेतली. अंगणाची भिंत डोक्याएवढी उंच, फाटक बंद. भिंतीच्या वर बॉयलरच्या धुराड्यातून वाफ निघत होती, पांढरी, भरघोस. बॉयलर चालू होता. चला, एक मिटलं, असं म्हणून मी गिअर टाकला. खाली उतरलो नाही. पुढच्या घरात खरंच तान्हं मूल होतं.

बुधवारी सकाळी मात्र मला चैन पडेना. काम झालं की मिसेस क्रॅबट्री फोन करायच्याच, आभार मानल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. आणि फोन आला नव्हता.

पुढचं दार वाजवून वाजवून मागे गेलो आणि फाटक खांद्याने ढकललं. मिसेस क्रॅबट्री नळीखाली पडलेल्या होत्या. कोट अंगात, पायांत घरातल्या सपाता, हातात निळा टॉवेल. नळीवरून ओघळलेलं पाणी फरशांवर पसरून गोठलं होतं, आरशासारखं. पहिल्या फेरीला ते पाणीच होतं. टॉवेल घेऊन परत येईपर्यंत त्याचा बर्फ झाला. वरती धुराडं वाफ सोडतच होतं.

कोमट पाणी, उकळतं नाही. एवढं सगळं सांगितलं. ते पाणी कुठे जाईल ते सांगितलं नाही.

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. आतले हीटर हात लावू देत नव्हते. ओट्यावर किटली, आणि टेबलावर चिठ्ठी, शाळेतल्या बाईंसारख्या अक्षरात. कोमट, उकळतं नाही. बरोबरची खूण. वरून वळणापर्यंत. खूण. बटण, दहा. खूण. टॉवेल. खूण नाही. आणि त्याखाली पाचवी ओळ, जी मी सांगितली नव्हती: क्लिफला फोन, आभार.

मी तिथल्याच खुर्चीत बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. मग पोलिसांना फोन केला.

खुबा मोडला होता, असं डॉक्टर म्हणाले. डोक्याला काही नाही. थंडीने गेल्या, बहुधा दिवस मावळताना. म्हणजे दोन वाजता मी भिंतीपलीकडून वाफेकडे बघत होतो तेव्हा त्या जिवंत होत्या, माझ्यापासून चार हातांवर. माझं इंजिन चालू होतं. त्यांनी हाक मारली असेल तर मला ऐकू आली नाही.

गल्लीपलीकडच्या घरातल्या माणसाला आली होती. मृत्यूच्या चौकशीच्या वेळी तो टोपी पिळत उभा राहिला.

"बाईचा आवाज आला होता साहेब, दुपारच्या जेवणाच्या सुमाराला. दोन-तीनदा. पण ओरडणं नव्हतं ते. 'माफ करा हं, कुणी मोकळं आहे का?' असं काहीतरी. मला वाटलं, कुणीतरी कुणाच्यातरी दारात उभं आहे."

मग चौकशी अधिकाऱ्यांनी मला विचारलं. शेजाऱ्याला बोलावते असं त्या म्हणाल्या होत्या का? म्हणाल्या होत्या. ते शेजारचं घर ऑक्टोबरपासून रिकामं आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

कॉलिनला त्याच्या मुलीने समुद्रकिनारी आपल्याकडे राहायला नेलं तेव्हा त्या घराचा गॅस मीच बंद केला होता. मीटरला बांधलेल्या लाल चिठ्ठीवर माझीच सही आहे. ते सगळं त्यांच्यापुढच्या कागदांत होतंच.

"ठाऊक होतं," मी म्हणालो, "पण त्या गर्दीत आठवलं नाही."

त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. अपघात, कुणाचा दोष नाही. बाहेर मॉरीनने माझा हात धरला आणि म्हणाली, "तीसेक फोनांत माणसाच्या लक्षात तरी काय काय राहणार?"

मला आठवलं होतं. फोन खाली ठेवता ठेवताच आठवलं होतं, म्हणून तर दुपारी वाट वाकडी केली. पण आठवलं त्याच क्षणी अठ्ठाविसावा वाजला, आणि मी तो उचलला.