अम्माची गाणी आणि माझी टीं टीं

मित्रांनो, मी एक जुना यूपीएस आहे. पोटात बॅटरी आणि जिवाला सदा घोर! वीज गेली रे गेली की मी पुढे सरसावतो आणि टीं टीं ओरडून घर डोक्यावर घेतो. कारखान्यात मला एवढंच शिकवलं.

केरळात पय्यन्नूरला निमिषाच्या घरी आलो, तेव्हा माझं कोण कौतुक झालं! तिने घरातच एक सर्व्हर मांडला होता, त्याला वीज माझ्यातून जायची. त्यात ती आपल्या आईची, म्हणजे कार्त्यायनीअम्माची, भातलावणीची गाणी साठवत होती. गावात ती गाणी येणारी अम्मा शेवटचीच. त्यात तिच्या गळ्यात गाठ निघालेली. शस्त्रक्रियेनंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

तुलाम, म्हणजे तिकडचा परतीच्या पावसाचा महिना, लागला. दुपार कलली की आभाळ गडगडायचं, आणि गडगडलं की अम्मा घरभर फिरून भिंतीतले सगळे प्लग उपटायची. तिथे घरोघरी हीच रीत. माझाही प्लग निघायचा. मला वाटायचं, गेली वीज! मी लगेच सर्व्हरला इशारा द्यायचो. तो बंद होण्याआधीची आवराआवर सुरू करायचा आणि मला हुकूम सोडायचा, ‘थोडा थांब, मग वीज तोड.’ मी ठरल्या वेळी तोडायचो. पण गाणी वाढली, तशी त्याची आवराआवर लांबली. हुकूम मात्र जुनाच राहिला. एके दुपारी एक गाणं अर्ध्यातच तुटलं.

“ह्या डब्याने घात केला!” निमिषा रडकुंडीला आली. “अम्मा, परत म्हणशील?”

“मोळे, माझ्या लेकी, आता दम पुरत नाही गं,” अम्मा म्हणाली.

“भंगारात दे तो,” निमिषाचा थोरला भाऊ प्रजीष म्हणाला. “नुसता कोकलतो मेला, कामाच्या नावाने बोंब!”

फार लागलं मला ते. ‘अगं, सर्व्हरचं आवरून झालेलं नसतं!’ असं सांगावंसं वाटलं. पण टीं टींशिवाय मला येतं काय? उद्या सगळीच गाणी गेली तर? ह्या धास्तीने मी नुसता गुरगुरत राहिलो.

दुसऱ्या सकाळी निमिषाने सर्व्हर थेट भिंतीला जोडला. माझ्याशी त्याची इशाऱ्याची तार तेवढी ठेवली आणि मला टेबलावरचा दिवा जोडला. मग माझा प्लग काढला. मी ओरडलो, सर्व्हर आवरायला लागला. थोड्या वेळात दिवा विझला. सर्व्हर मात्र अजून घरघरत होता.

“अय्यो! हा बिचारा सांगितलं तेवढंच करतो. थांबायची वेळ मीच कमी ठेवलीय!”

“म्हणजे डबा शहाणा, आणि तू...” प्रजीषने चिडवलं.

“गप रे चेट्टा!” ती दादावर डाफरली.

तिने वेळ वाढवली. त्याच दुपारी आभाळ कडाडलं, अम्माने प्लग उपटला. सर्व्हर आवरून शांत झाला, मग मी वीज तोडली. आभाळ निवळल्यावर राहिलेली सगळी गाणी सुखरूप वाजली. तुटलेलं मात्र गेलं ते गेलंच.

मित्रांनो, आमची बॅटरी म्हातारी होते, तिची अधूनमधून विचारपूस करा. आणि दिवा मालवण्याआधी आत कुणाचं काम उरलंय का, तेही बघा.

पुढे शस्त्रक्रिया झाली आणि अम्माचा आवाज गेला. आभाळ गडगडलं की ती अजूनही सगळे प्लग उपटते. पूर्वी मला दटावायची, “किती ओरडशील रे बाबा!” आता माझ्या तापलेल्या पाठीवर हात ठेवून बसते, आणि माझं बोलणं संपल्याशिवाय उठत नाही.