वजा शून्य

पडद्यावर लाल अक्षरांत ‘शिल्लक: -०.००’ असं उमटलं आणि इस्पितळाच्या औषधखोलीत वीस वर्षं चोख वजनं करणारी काटेताई एका मिनिटात भेसळवाली ठरली.

“बाटलीत ०.३ ग्रॅम औषध होतं. तुम्ही ०.१ च्या तीन पुड्या बांधल्यात,” मोठे डॉक्टर म्हणाले. “शिल्लक शून्याखाली गेली. म्हणजे होतं त्याहून जास्त दिलंत. वरचं कुठून आणलं? खडूची भुकटी? करा कबुलीवर सही.”

“वजा शून्य म्हणजे किती, साहेब? चिमूटभर की मूठभर?”

साहेबांनी शेजारी उभ्या असलेल्या, हा हिशेबाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे पाहिलं. तो ताईचाच जावई. हे काम त्याला मिळावं म्हणून तिनेच शब्द टाकला होता. तो घसा खाकरून म्हणाला, “आई, मशीन चुकत नाही हो.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मशीन गेलं खड्ड्यात! दशांशाची दोनच घरं दाखवता ना, जावईबापू? पुढची झाकलेली उघडा.”

“कशाला उगाच...”

“उघडा म्हणते ना!”

त्याने उघडली. ०.३ वजा ०.१ बरोबर ०.१९९९९९९९९९९९९९९९८. तिसऱ्या पुडीनंतर तर उणे चिन्ह, दशांशापुढे सोळा शून्यं आणि मग सत्तावीस.

“मशीन आतून शून्य आणि एक अशा दोनच अंकांत मोजतं,” तो पुटपुटला. “त्यात ०.१ नेमकं बसत नाही. अंक जसेच्या तसे ठेवणारा, हवे तितके लांब आकडे घेणारा प्रकार असतो. पण तो जरा हळू चालतो. म्हटलं, कोण बघतंय?”

“म्हणजे ठाऊक होतं! आणि माझ्यावर सही करायची वेळ आली तरी तोंडात गुळणी धरून बसलात!”

तिने कबुलीचा कागद उलटा करून त्याच्यापुढे आपटला. “मांडा. दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह. चौथीतली वजाबाकी.”

त्याने मांडली. ०.३. ०.२. ०.१. शून्य. उणं बिणं काही नाही.

“चला, मिटलं,” साहेब उठले. “घरचंच माणूस आहे, जाऊ द्या.”

“बसा, साहेब. मला भेसळवाली म्हणताना मी कुणाच्या घरची होते? चूक कुणाची ते हा लिहील, खाली तुम्ही सही कराल.”

“आई, नोकरी जाईल माझी! तुमच्या लेकीला काय सांगू?”

“माझी जात होती तेव्हा काय सांगणार होतात?”

त्याने पेन उचललं. आद्याक्षरं खरडून कागद सरकवणार, तोच ताईने त्यावर बोट रोवलं.

“नाव पूर्ण लिहा. आकड्यांची कापाकापी झाली तेवढी पुरे.”